व्हायब्रेटर टेबलवर पेव्हर ब्लॉक: सीमाभागात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

देवळाचं पटांगण, मंगल कार्यालयाचं पार्किंग, शाळेचं आवार, घरापुढचं अंगण. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठेही जा, पेव्हर ब्लॉकला मागणी आहे. धंदा सुरू करायला फार मोठी सामग्रीही लागत नाही. एक व्हायब्रेटर टेबल, एक मिक्सर, प्लॅस्टिकचे मोल्ड, शेडखालची सपाट जागा आणि भरपूर पाणी असलं की काम चालू होतं. टेबल बनवून द्यायला बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांत फॅब्रिकेशनवाले आहेत. म्हणून आपल्याकडची बरीच तरुण मुलं यात उतरतात. आणि सुरुवातीला बहुतेकांची तक्रार एकच असते: ब्लॉकच्या कडेला जाळी पडते (खडी उघडी राहून मध्ये पोकळ्या दिसतात), तोंडावर बारीक भोकं येतात, गाडीतून उतरवताना कोपरे उडतात. मग कोणी मोटर बदलतो, कोणी सिमेंटची कंपनी बदलतो.

मोटर किंवा सिमेंट बदलण्याआधी टेबल नेमकं काय करतं ते समजून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ते समजलं की मालात पाणी किती, टेबल किती वेळ चालवायचं, मोल्ड कधी उचलायचा हे सगळं आपोआप उलगडतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. पेव्हर दोन पद्धतींनी होतात. मोठ्या हायड्रॉलिक मशीनवर जवळजवळ कोरडा माल दाब आणि व्हायब्रेशन एकदम देऊन बसवतात आणि लगेच साच्यातून बाहेर काढतात. दुसरी पद्धत ओल्या मालाची. यात माल मोल्डमध्ये ओतायचा, टेबलवर हलवायचा, दुसऱ्या दिवशी मोल्ड काढायचा. हा लेख दुसऱ्या पद्धतीचा आहे. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी.

टेबल काय करतं

मोल्डमध्ये नुसत्या ओतलेल्या काँक्रीटमध्ये 5 ते 20 टक्के हवा अडकलेली असते. माल जेवढा घट्ट, तेवढी हवा जास्त. ही हवा आत राहिली तर फार महाग पडते: 5 टक्के पोकळी राहिली की ताकद साधारण 30 टक्क्यांनी घटते. सिमेंट तेवढंच घातलेलं असतं, पैसे तेवढेच गेलेले असतात, आणि ब्लॉक मात्र तिसऱ्या हिश्शाने कच्चा.

खडी आणि वाळूचे दाणे एकमेकांवर अडून बसतात, त्यामुळे हवेला वाट मिळत नाही. टेबल सेकंदाला पन्नासच्या आसपास झटके देतं. त्या झटक्यांत दाण्यांमधलं घर्षण तेवढ्यापुरतं सुटतं आणि घट्ट दिसणारा माल पातळ असल्यासारखा वाहायला लागतो. आपल्याकडे धान्याचं माप भरताना हलवलं की त्यात जास्त मावतं, ते याच कारणाने. फरक एवढाच की काँक्रीटमध्ये हे दोन टप्प्यांत होतं. पहिल्या काही सेकंदांत माल खाली बसतो आणि मोल्डचे कोपरे भरतात. त्यानंतर हळूहळू बुडबुडे वर येतात. नवखा माणूस पहिला टप्पा बघतो, माल सपाट झाला म्हणून मोटर बंद करतो, आणि दुसरा टप्पा राहूनच जातो. भोकं तिथून येतात.

फ्रान्सचे इंजिनिअर यूजीन फ्रेसिने यांनी 1917 च्या सुमारास काँक्रीट यंत्राने हलवून बसवायला सुरुवात केली. तोपर्यंत दोनच मार्ग होते: माल कोरडा ठेवून धुमसने कुटायचा, नाहीतर भरपूर पाणी घालून ओतायचा. व्हायब्रेशनमुळे कमी पाण्याचा माल कोपऱ्यापर्यंत पोचू लागला. या धंद्यात नफा आणि नाव दोन्ही इथेच आहे. माल सरकावण्याचं काम टेबलचं आहे, पाण्याचं नाही. मेस्त्री मिक्सरमध्ये आणखी एक मग ओततो तेव्हा तो टेबलचं काम पाण्याकडून करून घेत असतो, आणि त्या पाण्याची किंमत ब्लॉक मोजतो.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ज्यांनी काम केलं आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. जोल्ट मशीनवर पेटीतली वाळू आपटून पॅटर्नभोवती, म्हणजे ओतायच्या वस्तूच्या नमुन्याभोवती, बसवतात, त्यामागेही दाण्यांना जागा शोधून द्यायची हीच कल्पना आहे. थर्माकोलच्या पॅटर्नवर ओतकाम करतात तिथे तर कोरडी सुटी वाळू नुसत्या कंपनानेच पॅटर्नच्या खाचाखोचांत पोचवतात. फाउंड्रीचा हात असलेला माणूस तुमच्या गावात असेल तर त्याला टेबलवर घ्या. कानाने मशीन ओळखायची त्याला सवय असते.

टेबल बनवून घेताना

काँक्रीटच्या व्हायब्रेटिंग टेबलसाठी आयएस 2514 हे भारतीय मानक आहे, पण फॅब्रिकेशनवाल्याशी बोलताना तुम्हाला चार गोष्टी कळायला हव्यात.

पहिली, मोटर. साधी मोटर आणि पट्टा असलं जुगाड नको. दोन्ही टोकांना असंतुलित वजनं असलेली व्हायब्रेटर मोटर घ्या, दोन पोलची. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर ती मिनिटाला 2,800 ते 2,900 फेऱ्या मारते आणि पेव्हरच्या बारीक खडीला हा वेग चांगला मानवतो. एकच मोटर बसवली तर टेबल गोल फिरल्यासारखं हलतं आणि मोल्ड एका बाजूला सरकत जातात. एकसारख्या दोन मोटरी शेजारी बसवून त्या उलट दिशांनी फिरवल्या की त्या आपोआप जुळून घेतात, आडवे झटके एकमेकांना मारतात आणि टेबल सरळ वर-खाली हलतं. थ्री-फेज मोटरची दिशा बदलायला कुठल्याही दोन तारांची अदलाबदल पुरते. थ्री-फेज कनेक्शनची चौकशी मात्र हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीकडे आधी करा. गावाबाहेर शेतीच्या लाइनवर थ्री-फेज ठरावीक तासच असते, तिच्या भरवशावर कारखाना चालत नाही.

दुसरी, ताकद. टेबलचा वरचा भाग, मोल्ड आणि माल मिळून जेवढं वजन हलणार, त्याच्या तीन ते पाच पट जोर मोटरींनी द्यायला हवा. समजा वरची प्लेट तिच्या सांगाड्यासकट 120 किलो आणि भरलेले मोल्ड 80 किलो. एकूण 200 किलो हलणार, म्हणजे मोटरींचा एकत्रित जोर 600 ते 1,000 किलो हवा. हा आकडा मोटरच्या प्लेटवर किंवा कॅटलॉगमध्ये असतो. तो बघा, नुसती हॉर्सपॉवर बघून मोटर घेऊ नका.

तिसरी, स्प्रिंग. वरची प्लेट स्प्रिंगवर किंवा रबराच्या माउंटिंगवर मोकळी तरंगली पाहिजे. खालच्या सांगाड्याला ती कुठेही टेकत असेल तर सगळी ताकद जमिनीत जाते आणि शेडचे पत्रे वाजायला लागतात.

चौथी, प्लेटचा कडकपणा. पातळ प्लेटला खालून चॅनेल किंवा अँगलचे आडवे-उभे आधार नसतील तर मध्यभागी ती जास्त उडते आणि कडेला मेलेली असते. पैसे वाचवण्याच्या नादात इथेच सगळ्यात जास्त काटछाट होते.

टेबल ताब्यात घेण्याआधी दोन तपासण्या

यांना पैसे लागत नाहीत. फॅब्रिकेशनवाल्याच्या दारातच करा.

चाळलेली कोरडी बारीक वाळू रिकाम्या टेबलवर पातळ भुरभुरा आणि मोटर चालू करा. सगळीकडे दाणे नाचले पाहिजेत. एखाद्या जागी वाळू येऊन गोळा होते आणि शांत पडून राहते का बघा. ती जागा मेलेली आहे, तिथे ठेवलेल्या मोल्डला कधीच नीट व्हायब्रेशन मिळणार नाही. खडूने खूण करा आणि तिथे खालून आधार लावून घ्या.

दुसरी तपासणी भरलेल्या टेबलवर करा. रिकामं टेबल कुठलंही उडतं. वजन टाकलं की खरं कळतं. पांढऱ्या कागदावर टोकदार पेन्सिलीने एक बारीक ठिपका काढा आणि तो कागद प्लेटच्या उभ्या कडेला चिकटवा. टेबलवर नेहमीएवढे मोल्ड ठेवून मोटर चालू करा. ठिपक्याची रेघ दिसायला लागते. दोन मोटरींचं टेबल नीट जुळलेलं असेल तर रेघ उभी दिसते, एका मोटरीच्या टेबलवर गोल किंवा अंडाकृती. रेघेची लांबी पट्टीने अंदाजे मोजा. 50 हर्ट्झला एक मिलिमीटरच्या आसपास रेघ म्हणजे झटका गुरुत्वाकर्षणाच्या साधारण पाच पट, आणि पेव्हरला तो पुरेसा आहे. रेघ अर्धा मिलिमीटरच्या खाली असेल तर टेबल कमजोर आहे. दोन मिलिमीटर असेल तर माल बसण्याऐवजी उडेल, हवा बाहेर जाण्याऐवजी आत शिरेल.

मोटरच्या टोकांचं झाकण काढून आतल्या वजनांच्या चकत्या फिरवल्या की जोर कमी-जास्त करता येतो. दोन्ही टोकांच्या चकत्या अगदी सारख्याच कोनात ठेवायच्या. एका टोकाला एक आणि दुसऱ्याला वेगळा कोन झाला तर बेअरिंग फार दिवस टिकत नाही. काही जण ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावून मोटर जास्त वेगाने पळवतात. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग 20 टक्के वाढवला की जोर 44 टक्के वाढला. मोटरच्या प्लेटवर परवानगी नसेल तर हे करू नका.

माल

नदीची वाळू आता परवडत नाही आणि सहज मिळतही नाही, त्यामुळे एम-सँड, म्हणजे क्रशरवर दगड फोडून केलेली वाळू. क्रशरवरून घेताना मुठीत दाबून बघा. हाताला पिठासारखी पूड चिकटत असेल तर त्यात डस्ट जास्त आहे, ती पाणी पिते आणि माल चिकट होतो. चिकट मालातून बुडबुडा वर यायला वेळ लागतो. खडी 6 आणि 10 मिलिमीटरची. 60 मिलिमीटर जाडीच्या ब्लॉकमध्ये 20 मिलिमीटरची खडी घालणारे मी बघितले आहेत. ती मोल्डच्या भिंतीशी अडते आणि तिच्याखाली हमखास पोकळी राहते.

चाचणीसाठी एका 50 किलोच्या पोत्यामागे 110 किलो एम-सँड, 110 किलो बारीक खडी आणि एकूण 20 लिटर पाणी इथून सुरुवात करा. पाणी-सिमेंटचं प्रमाण 0.40 होतं. एवढ्या पाण्यात माल घट्ट वाटेल, म्हणून सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, लागतं. मेस्त्री लोक त्याला नुसतं केमिकल म्हणतात. मात्रा डब्यावर दिलेली असते. बहुतेक वेळा सिमेंटच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का. या पोत्यातून 115 लिटरच्या आसपास माल निघतो, म्हणजे 200 बाय 100 बाय 60 मिलिमीटरचे साधारण 95 ब्लॉक. तुमच्या क्रशरच्या मालाप्रमाणे खडी-वाळूत थोडा फरक करावा लागेल, पण 20 लिटरचा आकडा हलवताना दहादा विचार करा.

आता पावसाळा. खानापूर आणि बेळगाव तालुक्यात जूनपासून वाळू कधी कोरडी मिळतच नाही. एक किलो वाळू तव्यावर कोरडी होईपर्यंत भाजा आणि परत वजन करा. 950 ग्रॅम भरली तर तिच्यात 5 टक्के पाणी होतं. मग 110 किलो वाळूबरोबर साडेपाच लिटर पाणी तुम्ही न मोजता मिक्सरमध्ये टाकलंच आहे. वरून फक्त साडेचौदा घालायचं, आणि तेवढीच वाळू कमी पडली म्हणून पाच-सहा किलो जास्त घ्यायची. दाण्याच्या पोटात मुरलेलं पाणी सिमेंटला मिळत नाही, त्यासाठी एक-दोन लिटर मागेपुढे होईल. पण हे न करता पूर्ण 20 लिटर ओतलं तर प्रमाण 0.50 च्या पुढे जातं आणि ब्लॉक ताकदीच्या एक-दोन ग्रेडने खाली येतो. पावसाळ्यात ब्लॉक कच्चे निघतात त्याचं मुख्य कारण हेच आहे.

म्हणून घमेल्याने मापू नका. ओली वाळू फुगते, त्याच घमेल्यात कमी वाळू बसते, आणि मिक्सरच्या प्रत्येक घाण्यात प्रमाण बदलतं. वजनकाटा घ्या. सुरुवातीच्या खर्चात ही वस्तू टेबलइतकीच महत्त्वाची आहे.

वरच्या रंगीत थराचा माल वेगळा: सिमेंट, बारीक वाळू किंवा क्वार्ट्झची पूड, आणि आयर्न ऑक्साइडचा रंग. रंग आधी सिमेंटमध्ये कोरडा मिसळा, पाणी नंतर. रंग सिमेंटच्या वजनाच्या 5 टक्क्यांच्या आसपास पुरतो.

मोल्ड आणि तेल

मोल्ड स्वच्छ आणि कोरडा हवा. तेलाचा हात पातळ फिरवायचा, बोट फिरवलं तर ओघळ दिसता कामा नये. तेल साचलं तर बुडबुडा भिंतीला चिकटून राहतो, वर येत नाही, आणि नेमक्या दिसणाऱ्या बाजूला भोक पडतं. गॅरेजमधलं जळकं ऑइल अजिबात वापरू नका, ब्लॉकवर डाग बसतो आणि रंगीत मालाची तर वाट लागते.

भरायचं आणि हलवायचं

मोल्ड उलटा भरला जातो, म्हणजे तळाशी जे आहे ते उद्या वर येणार. आधी रंगीत माल 8 ते 10 मिलिमीटर. टेबल चालू ठेवूनच मोल्ड वर ठेवा, 15 ते 20 सेकंद हलवा. मग मोल्ड भरून जाईल एवढा खालच्या थराचा माल टाका. या दोन थरांमध्ये वेळ जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात अथणी, रायबागकडच्या उन्हात तर रंगीत थर बघता बघता ताठरतो आणि मग दोन थर एकजीव होत नाहीत. पुढे ब्लॉकचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं.

खालचा माल टाकल्यावर एका मोल्डकडे नीट बघा. पहिल्या पाच-सहा सेकंदांत ढीग खचतो, खडीची टोकं खाली जातात, माल कडेपर्यंत पसरतो. इथे थांबायचा मोह होतो. थांबू नका. आता मोल्डच्या भिंतीलगत मोठे बुडबुडे फुटायला लागतात, मुगाएवढे, एकामागून एक. मग ते बारीक होतात. वरचा पृष्ठभाग हळूहळू एकसारखा चमकायला लागतो, सुट्या खडीची रेषा दिसेनाशी होते. हाताचा तळवा क्षणभर मोल्डच्या काठाला लावला तर आधी खडबडीत थरथर लागत होती, ती आता एकसारखी गुळगुळीत लागते. टेबलचा आवाजही बदलतो, घुमणारा आवाज स्थिर होतो. बुडबुडे जवळजवळ थांबले की मोल्ड उचला. बहुतेक मालाला याला 30 ते 60 सेकंद लागतात, पण घड्याळ हा अंदाज आहे. बुडबुडे बघून ठरवा.

पुढे चालूच ठेवलं तर काय होतं? वर पाण्याचा पातळ थर आणि फेस येतो. खडी खाली बसत जाते आणि रंगीत थरात घुसते. दुसऱ्या दिवशी ब्लॉकच्या तोंडावर रंगाखालून खडीचे काळे डाग डोकावतात. जास्त पाण्याचा माल तर वीस सेकंदांतच असा फाटतो. म्हणून मी परत सांगतो, पाणी कमी असेल तर टेबल तुम्हाला मोकळेपणाने काम करू देतं. पाणी जास्त असेल तर टेबल चालवणंच धोक्याचं होऊन बसतं.

टेबल चालू असताना मराठी, कन्नड काहीच ऐकू येत नाही. माल टाका, थांबा, उचला, या तीन गोष्टींच्या हाताच्या खुणा पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. आपल्या भागात कामाला दोन्ही भाषांचे लोक असतात, खुणा सगळ्यांना सारख्या कळतात.

मोल्ड टेबलवर असताना मोटर बंद करू नका. मोटर थांबताना वेग खाली येत येत स्प्रिंगच्या स्वतःच्या लयीवर येतो आणि त्या क्षणी टेबल दोन-तीन मोठे हेलकावे खातं. नुकताच बसलेला माल त्याने भिंतीपासून सुटतो. चालू टेबलवरूनच मोल्ड हळूच फळीवर सरकवा, मग मोटर बंद.

काढणं आणि क्युरिंग

मोल्ड सपाट जागेवर, सावलीत, प्लॅस्टिकने झाकून ठेवा. फळी वाकडी असेल तर ब्लॉक वाकडा होतो आणि बसवताना डुगडुगतो. 24 तासांनी काढा. राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल आणि डिसेंबर-जानेवारीची थंडी असेल तर थोडं जास्त थांबा, कोपरे वाचतात. काढल्यावर पाण्यात किंवा ओल्या गोणपाटाखाली किमान 7 दिवस, जमलं तर 14. गिऱ्हाईक घाई करतं म्हणून चार दिवसांचा माल गाडीत भरू नका. टेबलवर मिळवलेली सगळी ताकद तिथे गमावली जाते.

काटा, हातोडा आणि प्रयोगशाळा

रोज सकाळी दहा ब्लॉक काट्यावर ठेवा. 200 बाय 100 बाय 60 मिलिमीटरचा ब्लॉक म्हणजे 1.2 लिटर. नीट बसलेल्या काँक्रीटची घनता घनमीटरला 2,400 किलोच्या आसपास धरली तर वजन साधारण 2.88 किलो यायला हवं. आत 5 टक्के हवा राहिली तर तोच ब्लॉक 2.74 किलोचा भरतो. 140 ग्रॅमचा हा फरक कुठलाही साधा काटा दाखवतो. तुमच्या खडीवर नेमका आकडा थोडा वेगळा येईल, तो एकदा ठरवून भिंतीवर लिहून ठेवा आणि त्याच्याशी रोज ताडून बघा. दहा ब्लॉकमध्ये आपापसांतच मोठा फरक असेल तर टेबलवर मेलेली जागा आहे किंवा भरणारा माणूस एकसारखं भरत नाही.

आठवड्यातून एकदा एक ब्लॉक हातोड्याने मधोमध फोडा. छेद बघा. भोकं खडीच्या खाली दिसतात की भिंतीलगत? खडीखाली असतील तर व्हायब्रेशन कमी पडलं. भिंतीलगत असतील तर तेल जास्त किंवा माल चिकट. खडी एका बाजूला गोळा झाली असेल तर पाणी जास्त किंवा टेबल जास्त वेळ चाललं. जाळी फक्त कोपऱ्यात असेल तर माल फार कोरडा आहे, केमिकल नीट मिसळलेलं नाही किंवा मिक्सर पूर्ण वेळ फिरला नाही.

पंचायतीची किंवा सरकारी कामं घ्यायची असतील तर आयएस 15658 हे पेव्हरचं मानक लागतं. ते 2006 चं, 2021 मध्ये सुधारलं. 2006 च्या तक्त्यात हलक्या वाहतुकीसाठी 60 मिलिमीटर जाडी आणि एम-35 ग्रेड, मध्यम वाहतुकीसाठी 80 मिलिमीटर आणि एम-40 दिलेली आहे. टेंडरचे कागद कन्नडमध्ये असू शकतात. जाडी, ग्रेड आणि चाचणीच्या अटी कोणाकडून तरी नीट समजून घेतल्याशिवाय दर भरू नका. 28 दिवसांच्या ब्लॉकची ताकद तपासून घ्यायला बेळगावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या सिव्हिल विभागांत चौकशी करा.

हात, कान आणि वीज

चालू टेबलवर हात टेकवून उभं राहायची सवय कोणालाही लावू देऊ नका. महिनोन् महिने कंपन हातात गेलं तर बोटांची रक्ताभिसरणाची ताकद कमी होते, बोटं पांढरी पडतात, बधिर होतात, आणि वाढलेला हा त्रास पुढे सहसा पूर्ण बरा होत नाही. काठाला तळवा लावून बघायचा तो एक-दोन सेकंद, तेवढाच. जाड हातमोजे, कानाला इअरप्लग, पायात गमबूट. ओलं सिमेंट कातडी जाळतं. एम-सँड आणि क्वार्ट्झची पूड कोरडी उधळत असेल तर तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, धुळीचा मास्क हवा.

ओल्या जमिनीवर वीज आहे, त्यामुळे अर्थिंग नीट आणि बोर्डवर आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच) हवाच. मोटरची केबल टेबलबरोबर हलते, तिच्यात थोडा सैल वळसा ठेवा आणि ती प्लेटला घासत नाही ना, ते रोज बघा.

संध्याकाळी काम संपलं की प्लेट धुवा, मोटरवर पाणी मारू नका. मोटरचे फाउंडेशन बोल्ट रोज पाना लावून बघा. कंपनाने तेच सगळ्यात आधी सैल होतात, आणि एक बोल्ट सैल झाला की मोटरचा पाय तुटायला एक पाळीही पुरते. नट नायलॉनचे लॉकनट घ्या. आठवड्याला वेल्डिंगच्या जोडांवरून टॉर्च फिरवा, केसाएवढी चीर दिसली तरी त्याच दिवशी भरून घ्या. मोटरच्या अंगावर हात ठेवला आणि तो टिकवता आला नाही तर बेअरिंग किंवा ग्रीस बघायची वेळ झाली आहे. आणि मोल्ड धुऊन पालथे, सावलीत ठेवा. उन्हात एकावर एक रचलेले प्लॅस्टिकचे मोल्ड वाकतात, मग कितीही चांगलं व्हायब्रेशन दिलं तरी ब्लॉकच्या कडा जुळत नाहीत.